तीन मिनिटांचा मासा

या मोहिमेत संपतरावांचा सर्वांत मोठा फायदा घरी बसण्यात होता. रविवारी सकाळी दहाला त्यांना फरीदाबादच्या नव्या कॉलनीवर सिक्युरिटी इन्चार्ज म्हणून हजर व्हायचं होतं. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी मिळालेली नोकरी! त्यांच्या बायकोने, सुमित्राकाकूंनी, वर्दीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. पण शनिवारी सकाळी काकूंची भाची अक्षया, माशांवर संशोधन करणारी, दारात आली. तिला जाळं फेकणारा माणूस हवा होता, आणि जाळ्याचं नाव काढल्यावर कोयनाकाठचा माणूस घरात थांबतो होय! मी गौरव, त्यांचा भाडेकरू, यूपीएससीची पुस्तकं मिटून मागे लागलो. माझा फायदा एवढाच, की एक दिवस इतिहास वाचायचा नव्हता.

ते सत्त्याण्णव साल. अरवलीतल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत तळं साचलं होतं, आणि सोमवारी त्याच नव्या कॉलनीचं सांडपाणी त्यात सुटणार होतं.

"नंतर माशांचे हाल झाले हे कोणीही म्हणेल," अक्षया म्हणाली. "आधी ते सुखात होते, हे कोण सिद्ध करणार? सहा निवांत माशांचं रक्त हवं. जाळ्यात आल्यापासून तीन मिनिटांत. त्यानंतर भीती रक्तात उतरते."

"गौरवच्या रक्तात तर परीक्षेच्या आधीच उतरते," संपतराव म्हणाले.

विलायती किकराचे, म्हणजे वेड्या बाभळीचे, काटे अंगावर झेलत आम्ही खाणीच्या काठावर पोहोचलो. साठ फूट सरळ कडा! दोराला धरून एकेक उतरलो. अक्षयाचे गुडघे सोलून निघाले, पण रक्त ठेवायचा बर्फाचा डबा तिने छातीपासून हलवला नाही. खाली हिरवंगार, गप्प पाणी होतं.

अकरा वाजता जाळं फुललं. रोहू! मी घड्याळ धरलं. शेपटीजवळ सुई, अर्धी सिरिंज रक्त, मासा परत पाण्यात. एक मिनिट पन्नास. चार मासे झाले. पाचव्यासाठी जाळं उचललं, आणि शेजारच्या खाणीत सुरुंग उडाला!

कडा हादरला. दगड सुटले. "खाली वाका!" संपतरावांनी अक्षयाला भिंतीशी दाबलं. तळं उसळलं. धूळ बसली तेव्हा तिघंही शाबूत होतो.

"बाकीचे दोन उरकून टाकू यार," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

"रक्ताला कळेल," अक्षया म्हणाली. "सगळं तळं घाबरलंय. उद्या रविवार, सुरुंग बंद. तोवर मासे निवांत होतील."

"मग उद्या पहाटे सहाला," संपतराव घाईने म्हणाले.

"अकरालाच, काका. रक्त दिवसभर सारखं नसतं. वेळ तीच हवी."

संपतरावांनी ओलं जाळं पिळून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "दहाला हजेरी आहे माझी. पहिली ड्यूटी काय, माहितीये? या तळ्याकडे कोणाला फिरकू द्यायचं नाही!" आणि खो खो हसले.

जाळं त्यांच्याशिवाय कोणाला फेकता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून सहा मिनिटांनी सहावा मासा पाण्यात परत गेला.

सांडपाणी सुटल्यावर तीन महिन्यांनी अक्षयाने पुन्हा रक्त घेतलं. कोर्टात दोन्ही आकडे शेजारी ठेवले, आणि कॉलनीचा बिल्डर केस हरला. आधी शुद्धीकरण, मग तळं, असं ठरलं.

माशांनी अर्धी अर्धी सिरिंज रक्त दिलं. अक्षयाने गुडघे दिले. मी काहीच दिलं नाही, म्हणून गोष्ट सांगतोय. आणि इस्त्री केलेली ती वर्दी काकूंनी सोमवारी कॉलनीच्या ऑफिसात परत नेऊन दिली. घडी मोडलेली नव्हती.