झोपवलेली गाडी

"पोलिसांत जातोय. त्याआधी तुम्ही गाडी बघा आणि मला लेखी द्या."

निशिकांतचा फोन असाच आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दमयंती कर्णिक अपघात झालेल्या गाड्या इन्शुरन्स कंपन्यांसाठी तपासत. सिंगापुरातल्या मराठी लोकांना त्यांची आठवण गाडीला पोचा आला की व्हायची, एरवी नाही. वुडलँड्सहून निघून त्या निशिकांतच्या काँडोत, म्हणजे त्याच्या सोसायटीत पोचल्या, तेव्हा तळघरातल्या पार्किंगमध्ये भांडण रंगात आलं होतं.

जुन्या बनावटीची लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार समोरच्या खांबाला नाक लावून उभी होती. पुढचा बंपर फुटला होता, उजवा दिवा फुटून त्याच्या काचा खाली पडल्या होत्या. धूळ बसलेलं कव्हर बाजूला लोळत होतं. गाडीजवळ तन्मय मान खाली घालून उभा होता, आणि निशिकांत काठी उगारून त्याच्याशी बोलत होता.

"चोर तो चोर, वर आम्हालाच फोन करून सांगतो की गाडी फुटली आहे!"

निशिकांतची बहीण गार्गी मध्ये पडली. "दादा, चोर असता तर त्याने फोन केला असता का?"

"तू गप्प बस. तुझी लायकी याच्याबरोबर फिरण्यातच दिसली."

दमयंतीबाईंना असली माणसं नवी नव्हती. त्यांनी आधी सगळ्यांना गाडीपासून लांब व्हायला सांगितलं आणि मग एकेकाला विचारायला घेतलं.

हकीकत अशी होती. गणपतीच्या आधी निशिकांतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तन्मय जर्मनीत शिकलेला. तिथे थंडी सुरू झाली की शौकीन लोक अशा गाड्या वसंत ऋतूपर्यंत झोपवून ठेवतात, ते काम त्याला येत होतं. सिंगापुरात थंडी कुठली, पण बंद गाडीची इथल्या दमट हवेत वाट लागते ती लागतेच. गार्गीशी त्याचं लग्न ठरायचं होतं आणि भावी मेहुण्याचं मन जिंकायची त्याला घाई होती. म्हणून त्याने ते काम अंगावर घेतलं. घरात नव्याने आलेली माणसं असल्या चुका करतातच.

"काय काय केलंस?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"धुऊन पॉलिश केली. टाकी भरून ठेवली. टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा भरली. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबलं. बॅटरीला चार्जर लावला. मग कव्हर घातलं."

"हँडब्रेक?"

"सोडलेला. ओढून ठेवला तर दमट हवेत ब्रेक चिकटून बसतात. गिअरही न्यूट्रलला. अधूनमधून येऊन गाडी हातभर ढकलायचो, म्हणजे टायर एका जागी दबत नाहीत. इथे खांबाकडे उतार आहे, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे लाकडी ठोकळे लावले होते. निशिकांतदादांना हे सगळं सांगितलं होतं."

"मला काही सांगितलेलं नाही," निशिकांत म्हणाला. तन्मय त्या वेळी सांगत असताना तो फोनवर कोणाशी तरी बोलत होता, असं गार्गी हळूच म्हणाली.

"किल्ली कोणाकडे?"

"दोन्ही माझ्याकडे," तन्मय म्हणाला.

"ऐकलंत?" निशिकांतने काठी आपटली. "किल्ल्या याच्याकडे. रात्रीची गाडी घेऊन उंडारला, परत लावताना खांबाला ठोकली आणि कव्हर टाकून मुंबईला पळाला. आता साळसूदपणे येऊन शोध लावतोय. पोलिसांत गेलो की याचा वर्क पास रिन्यू होतो का ते बघू. लग्नाचं नंतर बोला."

तन्मयचा चेहरा उतरला. इथे राहून काम करायच्या त्याच्या पासची मुदत संपत आली होती आणि नूतनीकरणाचा अर्ज सरकारदरबारी होता. टॅम्पिनीसमधल्या भाड्याच्या खोलीत बसून त्याने आणि गार्गीने जे जे ठरवलं होतं, ते सगळं त्या अर्जावर टांगलेलं होतं. हे निशिकांतला पुरतं माहीत होतं, म्हणून तर तो इतका खुशीत होता.

तन्मय वडिलांच्या आजारपणासाठी मुंबईला गेला होता. नवरात्र बसायच्या आधी गेला तो दिवाळी उरकून कालच आला. कॅमेऱ्याचं चित्रण काँडोवाले आठवडाभरच ठेवतात, तेव्हा तिथूनही काही मिळणार नव्हतं. गाडी कधी ठोकली, एवढाच प्रश्न होता.

दमयंतीबाईंनी टॉर्च पेटवला आणि त्या गाडीभोवती फिरल्या. सायलेन्सरमधलं कापड जागच्या जागी होतं. बॉनेटवरच्या बिल्ल्याच्या खाचेत काहीतरी लालसर अडकलं होतं, त्यांनी ते बोटावर घेऊन पाहिलं. वायपरखाली एक वाळकं पान होतं, दोन पाळ्यांचं. ते त्यांनी हळूच काढून रुमालात ठेवलं.

मग त्या गुडघ्यांवर बसल्या. उजव्या चाकापुढे ठोकळा होता, पण तिरपा, टायरला न टेकलेला. डाव्या बाजूला भिंत अगदी जवळ होती, माणूस जेमतेम कडेने सरकेल एवढी. तिकडचा ठोकळा चाकापासून लांब, भिंतीशी पडला होता. डाव्या चाकाच्या मागे एक चपटी, काळपट सालपटासारखी वस्तू जमिनीला चिकटली होती. तिच्याजवळ हळदीचा सांडलेला डाग आणि त्या डागात एक पिवळा गोल ठसा, आत कड्यांची नक्षी.

"घरात पूजाअर्चा कोण करतं?" उठताना त्यांनी विचारलं.

निशिकांत हसला. "आमच्याकडे असलं थोतांड चालत नाही. क्षिप्रा करते थोडंफार."

त्याची बायको क्षिप्रा आत्तापर्यंत लिफ्टपाशी उभी होती. ती पुढे आली. "देव्हाऱ्यातल्या देवांची करते. गाडीला मी हातसुद्धा लावलेला नाही."

"दसऱ्याला कुठे होतात?"

"रॅफल्स प्लेसला, बँकेत. इथे दसऱ्याची सुट्टी थोडीच असते?"

"आणि निशिकांत, तुम्ही?"

"घरी. गुडघ्यामुळे घरूनच काम करतो मी. दसऱ्याचा काय संबंध?"

दमयंतीबाईंनी रुमाल उघडून बॉनेटवर ठेवला.

"हे आपट्याचं पान आहे. ते गाडीवर एकाच दिवशी वाहतात. हे कव्हरच्या आत होतं, म्हणजे दसऱ्याला कोणीतरी कव्हर काढलं होतं. बिल्ल्यात कुंकू आहे. आणि ते डाव्या चाकामागचं सालपट चिरडलेल्या लिंबाचं आहे. लिंबू ठेवतात चाकाच्या पुढे. ते मागे सापडतं याचा अर्थ गाडी त्यावरून पुढे गेली, लिंबू ठेवल्यानंतर. तेव्हा तन्मय मुंबईत होता."

"मग कोणीतरी चालवली असेल," निशिकांत म्हणाला.

"किल्लीशिवाय? तोंड बंद केलेल्या सायलेन्सरने? चालवली नाही, घरंगळली. हँडब्रेक सोडलेला आणि गिअर न्यूट्रलला. तिला फक्त ते दोन ठोकळे धरून होते. आणि लिंबू ठेवायची जागा नेमकी तीच, चाकाच्या पुढे. पूजा करणाऱ्याने डाव्या चाकाचा ठोकळा काढला, तिथे लिंबू सरकवलं. मग उजव्या चाकाचा काढला, गाडी सुटली आणि दुसरं लिंबू हातातच राहिलं."

गार्गीने तोंडावर हात ठेवला. तन्मय एकटक त्या ठोकळ्याकडे बघत राहिला.

"करणाऱ्याला वाकता येत नव्हतं," दमयंतीबाई पुढे म्हणाल्या. "येत असतं तर त्याने ते लिंबू उचललं असतं आणि ठोकळे नीट लावले असते. त्याने सगळं कशाने तरी ढकललं. त्याचा ठसा हळदीत उमटलाय. निशिकांत, काठी जरा वर करा."

"हा मूर्खपणा आहे."

"काठी वर करा."

क्षिप्रानेच त्याच्या हातातून काठी घेतली आणि उलटी केली. खालच्या रबराच्या कड्यांमध्ये पिवळं बसलं होतं. हळद एकदा लागली की कितीही पुसा, जात नाही.

"स्वयंपाकघरात सांडली असेल," निशिकांत म्हणाला. आवाज चढला होता, पण तो आता कोणाकडे बघत नव्हता. "माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला माहीत आहे."

"मंडळाला माहीत आहे. आईला?" गार्गीने विचारलं. आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने पुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

आईंना बोलायला एवढं निमित्त पुरे होतं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली का, एवढंच गार्गीने विचारलं.

"झाली तर! निशीने फोनवर दाखवली की मला. आपटा मीच कुरिअरने पाठवला होता. पायाचं एवढं दुखणं, तरी पोराने माझा शब्द मोडला नाही. मग फोन हातातून पडला वाटतं, काही दिसेना. पण नारळ केवढ्यांदा फोडला गं त्याने! मी म्हटलं, कसला रे आवाज? तर म्हणाला, नारळ फोडला आई."

गार्गीने फोन बंद केला.

मग निशिकांतच बोलला, आणि बोलला तेही रागानेच. गाडी आपटली तेव्हा पूजेचं सगळ्यांना कळेल याची लाज वाटली म्हणून कव्हर टाकलं, म्हणे. नंतर सांगणारच होता. आज तन्मयचा फोन आला तेव्हा वाटलं, बरं झालं, हा आयता सापडला.

"आयता?" गार्गी म्हणाली. "त्याचं आयुष्य उधळायला निघाला होतास तू. एका नारळापायी."

"तुझ्या भल्यासाठीच—"

"माझं भलं तू बघू नकोस, दादा. आजपासून अजिबात बघू नकोस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही. "आईला खरं काय ते तू आज सांग. नाहीतर मी सांगेन."

दमयंतीबाईंनी टॉर्च पर्समध्ये टाकला. "लेखी हवं होतं ना तुम्हाला? आत्ता बघितलं ते सगळं लिहून देते. हवं तर पोलिसांना दाखवा."

निशिकांतने काठीसाठी हात पुढे केला. क्षिप्राने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि ती लिफ्टकडे निघून गेली.

तन्मयने खिशातून दोन्ही किल्ल्या काढून बॉनेटवर ठेवल्या. गार्गी त्याचा हात धरून निघाली होती, पण तो थांबला. गाडी मागे ढकलून त्याने ती खांबापासून सोडवली, गार्गीला ती धरून ठेवायला सांगितली, मग भिंतीच्या कडेने आत शिरला, वाकला आणि दोन्ही ठोकळे चाकांपुढे घट्ट बसवले.

"ठोकळे लावलेत," तो निशिकांतला म्हणाला. "पुन्हा काढू नका."