माळावरचे एकतीस पाइप

दादा प्लंबर, आणि मला शिल्पं करायचा नाद. परदेशातल्या एका लहान गावानं गावाबाहेरच्या माळावर काहीतरी उभारायला मला बोलावलं, तेव्हा मी दादालाच सोबत नेलं. वाऱ्यानं वाजणारे एकतीस लोखंडी पाइप जमिनीत उभे करायचे होते, आणि पाइपाच्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

विमानात म्हणाला, "चिमे, नळाला नुसती हवा येते म्हणून जन्मभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. आता मुद्दाम हवा आणायची!"

आमची खोली एका लाँड्रीच्या वर होती. सकाळी डबा घेऊन निघायचो. दादा पाइपांची तोंडं तिरकी कापायचा, कानशीनं कडा घासायचा. मी खड्डे खणायची. गुडघाभर खड्डा, त्यात पाइप, भोवती खडी ठोकून घट्ट. माती काळी, गार. तिला भिजलेल्या लोकरीसारखा वास यायचा.

नवव्या दिवशी, भर दुपारी शेवटचा पाइप बसला. वारा अगदी पडला होता. गवताचं पातंही हलत नव्हतं. मी हत्यारं पुसत होते, तेवढ्यात माळाच्या टोकाकडून दादा ओरडला, "आलो, आलो! काय झालं?"

"कुठे काय?"

"तू हाक मारलीस ना?"

"नाही रे."

तो हसत जवळ आला. "मग तुझ्या आवाजात कोणी मारली? तीही मराठीत? या गावात?"

मलाही हसू आलं. पण ते अर्ध्यावरच राहिलं. आमच्या शेजारच्या पाइपातून माझा आवाज येत होता... घसा बसल्यासारखा, दमलेला.

"दादा... इकडे ये ना..."

माझं तोंड घट्ट मिटलेलं होतं. दादानं ते पाहिलं. आधी माझ्याकडे, मग पाइपाकडे.

"कुणीतरी अडकलंय गं खाली," तो पुटपुटला.

"दादा, नको. चल इथून."

पण तीस वर्षं तुंबलेल्या नळांना कान लावणारा माणूस तो. त्याला कुठलं राहवतंय! त्यानं कान लावला, मान हलवली, आणि पाइपाच्या तोंडाशी तोंड नेऊन ओ दिली.

"ओऽऽ!"

ती ओ पाइपात उतरत गेली. उतरतच गेली... पुरुषभर उंचीच्या पाइपात आवाज इतका वेळ खाली कसा जाईल? मी त्याचा शर्ट धरून मागे खेचलं. तो सहज मागे आला. माझ्याकडे वळून त्यानं ओठ हलवले. आवाज आलाच नाही.

तिथल्या डॉक्टरांनी घसा तपासला, इथल्यांनी डोकं. सगळं ठणठणीत म्हणाले. लिहून दाखवायला पेन्सिल दिली, तर ती बोटांत फिरवून त्यानं खाली ठेवली. तो जेवतो, झोपतो, सांगितलं की उठतो. घरी आलो त्या संध्याकाळी वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "हे बाहेर बसलेत गं... पण मला ते आल्यासारखे वाटत नाहीत."



त्या गावातल्या ज्या बाईंनी आम्हाला बोलावलं होतं, त्यांना मी फोन केला. रडले, भांडले. पाइप उपटा, खड्डे बुजवा, मला दुसरं काही नको. त्यांना वाईट वाटलं. लोकांना काम फार आवडलं होतं. पण बाई शब्दाला जागल्या. महिन्याभरात माळ सपाट केल्याचे फोटो आले. त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले.

काल त्यांनीच एक रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत लिहिलं होतं, 'त्या मोकळ्या माळावर आठवडाभर हे ऐकू येतंय. तुमची भाषा आहे का? काय म्हणतोय हा माणूस?'

दादा माझ्यासमोर जेवत होता. मी फोन कानाला लावला. आधी नुसती खरखर. मग दादाचा आवाज, खोलवरून, समजूत घातल्यासारखा...

"चिमे, भोकं का बुजवलीस गं? तेवढाच उजेड येत होता..."