जांभळाखाली येणारी गाडी

गाडी आली तेव्हा तिचा आवाजच आला नाही.

भादव्यातलं धुकं आमच्या रिह्याच्या खोऱ्यात आगाऊ पाहुण्यासारखं येतं. विचारत नाही, पुसत नाही, थेट ओसरीवर येऊन बसतं आणि उठायचं नाव काढत नाही. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरीच समोरची भातखाचरं दिसेनाशी झाली होती. मी जांभळाच्या झाडाखाली दोरीवरचे कपडे काढत होते. वाळलेले नव्हतेच, आता ते जरा जास्त ओले होऊ नयेत, एवढंच.

पाठीमागे गवत चिरडल्यासारखं झालं. हलकं... चर्र... चर्र...

शेजारच्या सुंदराची बकरी असेल म्हणून मी वळले. हातभर अंतरावर पांढरी व्हॅन उभी होती. काच ओली, दिवे बंद, आणि चालवणाऱ्याच्या जागेवर कुणी नव्हतं. स्टेअरिंग जरासं हललं. दमलेला माणूस खाली बसताना डुलतो तशी गाडी एकदा पुढे-मागे डुलली, आणि थांबली.

मग मला तिच्या डाव्या दाराचा पोचा दिसला. माझ्या हातातली उशीची खोळ चिखलात पडली.

तो पोचा मीच पाडलेला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कैलास मला गाडी शिकवत होता, तेव्हा पाण्याच्या टाकीला घासली होती. कैलास म्हणजे माझा नवरा. ह्याच गाडीनं तो उरवड्याच्या कारखान्यांतल्या बायकांची ने-आण करायचा. काविळीनं गेला. गेल्यावर ती गाडी दारात बघून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवेनाशा झाल्या. म्हणून ती उरवड्याच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. आणि आता, ज्या जांभळाखाली कैलास ती लावायचा त्याच जागी, तोंडसुद्धा त्याच बाजूला करून, ती येऊन उभी होती. मुक्यानं.

धुक्यातून आवाज आला. फट्... मग काही नाही... फट्... मग काही नाही...

मी देवाचं नाव घेतलं. खोटं कशाला सांगू, दोन-तीन देवांचं घेतलं.

धुक्यातून एक माणूस निघाला. एका पायात चप्पल, दुसरा पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखलेला, हातात पाना.

"अहो ताई! थांबवा तिला!"

"थांबलीये की."

"थांबली?" तो धापा टाकत उभा राहिला. "कशी काय?"

"मला काय ठाऊक? तुमी कोण?"

"मी... मी गाडीचा मालक."

"गाडीला ठाऊक हाय का ते?"

तो हसला. असल्या वेळी हसणारा माणूस एक तर लई चांगला असतो, नाही तर लई खुळा. हा कोण, ते कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

त्याचं नाव निषाद. पुण्याचा, उरवड्याच्या एका युनिटात विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायचा. वर चढावर भिवाजीतात्यांची शेड त्यानं भाड्यानं घेतली होती. त्या गॅरेजवाल्याकडनं गाडी विकत घेऊन, तिचं इंजिन उपसून काढून तिथं विजेवरची मोटर बसवली होती, आणि मागं पलंग, ओटा, पाण्याची टाकी असं घरच थाटत होता. पाठीवर घर घेऊन गोगलगाईसारखं हिंडायचं होतं त्याला.

"म्हणून आवाज नाही," तो म्हणाला. "इंजिनच नाहीये ना."

"मंग ही आता विजेवर चालत आली?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. "नाही... आत्ता बंद होती. किल्ली माझ्या खिशात आहे."

आम्ही दोघांनी गाडीकडे बघितलं. गाडीनं आमच्याकडे.

एवढ्यात आत्या दारात आल्या. त्या ओरडल्या नाहीत. गाडी बघितली, दाराचा पोचा बघितला, आणि आत जाऊन चहा टाकला. तीन कप आणले. एक मला दिला, एक स्वतःला ठेवला, तिसरा गाडीच्या नाकावर नेऊन ठेवला. कैलासचा. कैलास उतरायच्या आधी तिथंच ठेवायच्या.

"अरे वा, थँक्यू मावशी," निषाद म्हणाला, आणि तो कप उचलून प्यायला.

 आत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पिऊ दे. कुणाच्या का तोंडानं..."

---

त्यानंतर ती येतच राहिली.

रोज नाही, पण दुपारीच धुकं दाटलं, की मला कळायचं. आधी गवत चिरडायचं. मग ती जांभळाखाली डुलून थांबायची. मग फट्... फट्... मागून तो. चप्पल कधी डावी हरवायची, कधी उजवी. चाकाला मोठा दगड लावला तरी यायची. मग तो आत बसायचा, किल्ली फिरवायचा, आणि गाडी एक शब्द न बोलता चढ चढून जायची.

सुंदरा आपली बकरी घेऊन त्या वाटेनं जायची, तिनं सगळ्या रिह्याला सांगितलं. "माजी बकरी त्या गाडीजवळनं जात न्हाई. पाय रोवून हुबी ऱ्हाती. कैलास बायकूला न्यायला येतोय, दुसरं काय!"

आत्यांनी ते मनाला लावून घेतलं. दिवेलागणीला मला जांभळाखाली उभं राहू देईनात.

मी दिवेलागणीच्या आधी उभी राहायला लागले.

एकदा त्याची चप्पल चिखलात सापडली. ती द्यायला शेडवर गेले. चप्पल काय, आत्यांकडूनही पाठवता आली असती. पण असू दे.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यानं मला गाडीच्या आत नेलं. पलंगाखाली बॅटरीच्या पेट्या ओळीनं बसवलेल्या, वर पातळ गादी, कोपऱ्यात परातीएवढं बेसिन.

"या खिडकीला पडदा लावायचाय," तो म्हणाला. "कुठला रंग लावू?"

"मला कशापायी विचारता?"

"गाडीची ओळख तुमच्याशी जास्त आहे... म्हणून."

"म्हणून" नंतर त्याच्या तोंडात नेहमी "ताई" यायचं. त्या दिवशी आलं नाही. ती रिकामी जागा मला पत्र्यावरच्या पावसापेक्षा मोठ्यानं ऐकू आली.

मी टॉर्च धरला, त्यानं तारा बांधल्या. माझ्या मनगटाला काळं वंगण लागलं. ते पुसायला त्यानं बोट लावलं. त्याचं बोट माझ्या मनगटापेक्षा काळं होतं.

"वाढवलंत की."

"हो," तो म्हणाला, आणि बोट काढलं नाही.

मग एकदा तो म्हणाला, "चालवा."

कैलास गेल्यापासून मी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. बसले. पाय बरोब्बर पोचले.

"सीट पुढं ओढून ठेवली व्हय तुमी? माज्यासाठी?"

"नाही..." त्यानं खाली वाकून बघितलं. "माझे पाय लांब आहेत. मी मागेच ठेवतो."

 खोऱ्यातल्या रस्त्यानं गाडी निघाली. एवढी मुकी, की खाचरातले बेडूक ऐकू येत होते, ओढा ऐकू येत होता, निषादचा श्वास ऐकू येत होता... आणि मागे, पलंगापाशी, कुणीतरी अंग चोरून बसल्यासारखी शांतता. वळण आलं तसा माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. दाबला. काहीच नाही.

"हॉर्न काढून ठेवलाय. जुना, सडलेला. शेडमधल्या फळीवर पडलाय. नवा आणायचा आहे."

मग मी त्याला कैलासचं सांगितलं. घरी येताना तो वळणावर एक लांब हॉर्न द्यायचा, म्हणजे आत्यांनी चहा टाकायचा. निघताना दोन छोटे... पाँ-पाँ. म्हणजे, जातो. आत्या दारातनं हात वर करून म्हणायच्या, "नीट जा रं बाबा." दवाखान्यात नेलं तेव्हा मात्र दुसऱ्याच गाडीनं नेलं. हॉर्न कुणी दिलाच नाही.

 निषादनं काच थोडी वर केली, मला गार लागत होतं म्हणून.

---

"गौतमे," आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्यो येतोय तवर तुजं मन दुसरीकडं कसं जातंय गं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. म्हणून जास्त लागलं.

खरं तर तेच मी मला विचारत होते. गाडी येतेय तोवर मी कैलासची. तो असा वाट काढत, मुक्यानं माझ्यापर्यंत येतोय, आणि मी त्याच्या मागून येणाऱ्याच्या चपलेचा कानोसा घेतेय?

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा मी निषादला तोंड वर न करता सांगितलं, "न्या ही हितनं. लांब न्या. आन तुमीबी..."

त्याचा चेहरा उतरला. "नेतो. पण ती येते कशी, ते कळल्याशिवाय नाही. भुताला घाबरून पळालो, तर मोटरवाल्याची अब्रू काय राहील?"

"चेष्टा करू नका."

"करत नाही. मलाही भीती वाटते, गौतमी." पहिल्यांदाच नाव घेतलं. "एक सांगा. ते गाडी लावायचे कशी?"

"कशी म्हंजे? पहिल्या गिअरात टाकायची, चाकाला दगड. हितं हँडब्रेक कोण लावतंय? पावसात तार गंजून जाती. समदे असंच लावत्यात."

"भिवाजीतात्यांनी मलाही तेच शिकवलं," तो हळूच म्हणाला. आणि मग त्यानं कपाळावर असा हात मारला, की वंगणाची पाच बोटं उमटली. "गिअरात! अहो, गाडीला धरून ठेवायचं ते इंजिन. गिअरात टाकलं की आतला दाब चाकं फिरू देत नाही. ते इंजिनच मी उपसून टाकलंय! मोटर बंद असली की सैल... काही म्हणता काही धरत नाही. उरला दगड. धुकं आलं, माती ओली झाली, की दगड घसरतो, आणि..."

"आन ती माज्यापाशीच कशी येती?"

 ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी पायानं गवत बाजूला केलं. खाली दोन चाकोऱ्या होत्या, जुन्या, खोल, गवताखाली बुजलेल्या. चढावरून वळून थेट जांभळाखाली येणाऱ्या. आणि जिथं त्या संपत होत्या तिथं चाकांच्या मापाचे खळगे. वर्षानुवर्षं रोज तिथंच येऊन थांबल्यानं पडलेले.

"कैलासनंच आणली हो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "रोज घरी येऊन येऊन."

निषाद खाली बसला आणि त्या खळग्यावर त्यानं हात ठेवला. एखाद्याच्या खांद्यावर ठेवतात तसा.

संध्याकाळपर्यंत त्यानं हँडब्रेकची नवी तार ओढली. निघताना दवाखान्यातल्या डॉक्टरासारखा आवाज काढून म्हणाला, "आता नाही येणार ती."

---

दुसऱ्या दिवशी धुकं मरणाचं दाटलं. जांभळाचा शेंडा मला त्याच्याखाली उभं राहूनही दिसेना. मी तिथं उभी होते. आत्या दारात. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या खळग्यापाशी जाऊन बघून आल्या होत्या.

गवत चिरडलं नाही. गाडी आली नाही.

 कैलास आता खरंच गेला, असं वाटून डोळे भरले. पण कान... कान मेले अजून टवकारलेलेच. ते गवताची वाट बघतच नव्हते. कशाची वाट बघतायत ते मला कळलं, आणि लाजेनं की कशानं, धुक्यातसुद्धा माझं तोंड गरम झालं.

फट्... मग काही नाही... फट्...

"गाडी न्हाई, तर धावत कशापायी आलात?" मी विचारलं.

"सवय लागली." तो थांबला. "नाही. तसं नाही. आजवर तिचं निमित्त होतं. आज निमित्ताशिवाय आलोय... म्हणून धावलो. चालत आलो असतो तर वाटेत धीर सुटला असता."

"दुसरी चप्पल?"

"राहू दे ती. गौतमी, गाडी मी विकत घेतली, पण ती माझी नाहीच. तू बसलीस तरच ती कुठे जाईल. नाहीतर वर शेडमध्ये गंजू दे... मीही गंजतो तिच्याशेजारी."

 मी दाराकडे बघितलं. आत्या तिथंच होत्या. धुक्यात नुसतं पांढरं पातळ.

तेव्हाच वर, शेडच्या बाजूनं आवाज आला. जुना, घोगरा.

पाँ-पाँ.

दोन. छोटे.

निषाद झटकन शेडकडे वळला. "हॉर्न... फळीवर आहे," तो कुजबुजला. "त्याला तार नाही. काहीच जोडलेलं नाही..."

मी त्याचा हात धरला. गार पडला होता, माझाही तसाच.

आत्यांनी ऐकलं होतं. पदर तोंडाशी नेला, तसाच खाली सोडला. मग त्यांचा हात सावकाश वर गेला.

"नीट जा रं बाबा," त्या धुक्याकडे बघून म्हणाल्या.

 पानांवरून थेंब पडत होते. मग त्यांनी डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "गौतमे, त्याला घेऊन आत ये. चहा टाकतीये. धुक्यात हुबं ऱ्हाऊन कुनाचं भलं झालंय?"

निषादनं माझ्याकडे बघितलं. 

"जांभळा," मी म्हणाले.

"काय?"

"पडदा रे. जांभळा लाव."