दुधाच्या कॅनमधला समुद्र

टोकावड्याच्या चहाच्या टपरीवर मी उभी होते. एका हातात गळका कॅन, दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटानं झाकलेली बादली, आणि अंगाला खारा, मासळीसारखा वास! एसटीत कॅनचं झाकण सैल झालं, पाणी एका आजोबांच्या पिशवीत शिरलं, आणि कुणी काही बोलायच्या आत मीच शरमेनं खाली उतरले. ही गोष्ट एप्रिल सत्त्याण्णवची. मी ओतूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. वय चोवीस, आणि डोक्यात समुद्राचं खूळ.

तेवढ्यात एक रिकामा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं चहा सांगितला आणि माझ्या बादलीत डोकावला.

“मासं हायेत का, मॅडम?”

“कालवं आहेत.”

“म्हंजी?”

“शिंपल्यात राहणारा जीव.”

“आन् निघालाय कुठं त्यांना घिऊन?”

“ओतूरला.”

तो अगदी गंभीर झाला. “मॅडम, वाईट वाटून घिऊ नका... पण ओतूरला समुद्र न्हाई.”

“म्हणून तर पाणीही सोबत नेतेय!”

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय मी तेव्हाच पाहिली. पाहिली, हे स्वतःपाशी कबूल करायला मात्र मला चार महिने लागले.

रत्नदीप त्याचं नाव. ओतूरचाच. टोमॅटो घेऊन वाशीच्या मार्केटला जायचं आणि रिकामं परत यायचं, हा त्याचा धंदा. त्यानं मला टेम्पोत बसवून घेतलं आणि माळशेज घाट चढेपर्यंत माझं गाव, आडनाव, सगळं काढून घेतलं. मी निरगुडसरच्या जानकाबाईंची मुलगी म्हटल्यावर तर त्यानं नव्यानं जयभीम घातला. त्याची मावशी आमच्याच आळीत दिलेली. मग मीही मोकळी झाले.

त्याला सांगितलं, किनाऱ्यावर एक प्रयोगशाळा आहे, तिथं समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांवर संशोधन चालतं. संशोधक विद्यार्थ्याची एकच जागा निघणार आहे, ऑगस्टात मुलाखत. तिथले सर म्हणाले, मार्क सगळ्यांकडे असतात, काहीतरी स्वतः करून या. म्हणून मी एक प्रश्न धरला होता. पावसाळ्यात खाडीत नदीचं गोडं पाणी शिरलं की कालव शिंपला घट्ट मिटून घेतं. असं ते किती दिवस तग धरतं? बारा बरण्यांत समुद्राचं पाणी भरायचं, त्यात विहिरीचं कमीजास्त मिसळायचं, प्रत्येकीत एक कालव ठेवायचं, आणि रोज बघायचं, कोण उघडं, कोण मिटलेलं.

“पण दर आठवड्याला ताजं समुद्राचं पाणी लागणार,” मी म्हणाले. “ते कसं आणायचं, तेच कळत नाही.”

“मी रोज रिकामाच येतो की...” तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी कॉलेजच्या दारात दुधाचे दोन कॅन येऊ लागले. वाशीच्या खाडीचं पाणी घाण, म्हणून माल उतरवून तो तसाच पुढं उरणच्या किनाऱ्यापर्यंत जायचा, हे मला फार उशिरा कळलं. कॅन ठेवले की तो बरण्यांपुढून एक फेरी मारायचा.

“ही सातवी आज लई गप हाय.”

“तिच्यात निम्मं विहिरीचं पाणी आहे. रुसलीय.”

“आन् बोलंल कधी?”

“तिला वाटेल तेव्हा.”

“बरंय... आमाला थांबायची सवय हाय.” आणि मी वर बघायच्या आत रिकामे कॅन उचलून स्वारी पसार!

जुलैत मात्र घात झाला. बाराही बरण्यांतली कालवं मिटली. निव्वळ समुद्राच्या पाण्यातलीसुद्धा! एक आठवडा झाला, दोन झाले, कुणी उघडेना. दोन तर मेली. मुलाखत अठरा दिवसांवर आली होती आणि मी रडकुंडीला. सोमवारी रत्नदीप आला, त्यानं मोठ्या कौतुकानं कॅनचं झाकण काढलं.

“बघा तरी, कसं नितळ हाय! पावसानं लई गढूळ यायला लागलं व्हतं. मागल्या दोन खेपांपासनं तुरटी फिरवून आणतोय.”

तुरटी! आमच्याकडे पावसाळ्यात घरोघर गढूळ हंड्यात तुरटी फिरवतात. माझी आईही फिरवते. गाळ तळाशी बसतो, पाणी स्वच्छ होतं. पण त्या गाळाबरोबर कालवांचं खाणंही तळाशी बसतं, आणि उरलेलं पाणी त्यांना सोसत नाही. मी रत्नदीपला नाही नाही ते बोलले. माझी तीन महिन्यांची मेहनत मारलीत, इथपर्यंत बोलले.

त्यानं कॅनचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, “तुमची जनावरं पिणार म्हणलं... त्यांना गढूळ कसं द्यावं?”

आणि निघून गेला. मी बाकावर डोकं टेकून रडले.

बुधवारी सकाळी दारात पुन्हा दोन कॅन. पाणी मातकट, जसंच्या तसं. टोमॅटोचा हंगाम ऐन भरात असताना टेम्पोत एकही क्रेट न भरता तो फक्त पाण्यासाठी जाऊन आला होता.

“कशाला गेलात?”

“तुमाला ती जागा मिळाया पायजे.”

“मिळाली तर मी ओतूर सोडून जाईन, रत्नदीप...”

“ठावं हाय.” त्यानं कॅन भिंतीशी सरकवला. “दर कॅन उतरवताना ठावं व्हतं.”

मला ती जागा हवी होती, आणि हा माणूसही हवा होता. हे मला तिथं, त्या मातकट पाण्याच्या कॅनपाशी कळलं.

दहाच्या दहा कालवं आठवड्यात उघडली. मुलाखतीला मी नोंदींची वही जशी होती तशी नेली, तुरटीच्या पानासकट. सरांनी त्याच पानावर बोट ठेवलं. “हे पान काढून टाकता आलं असतं.”

“आलं असतं, सर. पण तसं घडलं होतं.”

“पाणी कोण आणायचं?”

“आमच्या ओतूरचे टेम्पोवाले आहेत एक...” एवढं बोलताना माझे कान तापले. सर मिशीत हसले. आठ दिवसांत जागा मिळाल्याचं पत्र आलं.

माझी ट्रंक आणि गादी घेऊन रत्नदीपच मला किनाऱ्यावर सोडायला आला. ओहोटी होती. मी त्याला खडकावर नेलं, दगडाला चिकटलेली कालवं दाखवली. इतके महिने पाणी वाहिलं, पण ती त्यांच्या घरी तो पहिल्यांदाच बघत होता. उकिडवा बसून बघतच राहिला. मी वाटेत सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं.

“रत्नदीप, तुमच्यामुळं मी इथं आले. तुमचे आभार कसे—”

त्याचा चेहराच पडला. “नका मानू.”

“अहो, पण—”

“आभार परक्याचं मानत्यात, मॅडम.”

वारा जोरात होता. माझी ओढणी उडून त्याच्या हातावर पडली, ती मी काढून घेतली नाही.

“मग नाही मानत,” मी म्हणाले. “जन्मात कधी मानणार नाही. चालेल?”

त्यानं मान खाली घातली. “लई चालंल.”

पुढं दोन हजार तीनमध्ये माझा प्रबंध पुरा झाला. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. सरांनी आभाराचं पान वाचलं. प्रयोगशाळा, ओतूरचं कॉलेज, जानकाबाई, सगळी नावं होती. त्यांनी चष्मा वर केला. “पाणी आणणाऱ्याचं नाव राहिलं की, प्रज्ञा!”

“राहिलं नाही, सर,” मी म्हणाले. “घरच्या माणसाचे आभार कसे मानायचे?”

सरांनी ते पान तसंच ठेवलं. तुम्हीही रत्नदीपला सांगू नका... पण मनातल्या मनात मी रोज मानते.