अरुणबाबूंची चार वाजताची शिकवणी

कालिंदीबाईंनी डबा उघडला, अक्षरांच्या लाकडी सोंगट्या टेबलावर ओतल्या आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. अजून पंधरा मिनिटं होती. वेळेच्या बाबतीत अरुणबाबू असे की त्यांना बघून घड्याळ लावावं.

गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये हा रोजचा परिपाठ झाला होता. जुलैत मनोहररावांना झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. घरातली मराठी, ऑफिसातली इंग्रजी, बाजारात घासाघीस करण्यापुरती जमवलेली बंगाली, सगळं एका दिवसात पुसलं गेलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं, पुढे फार आशा धरू नका, म्हणाले. कालिंदीबाईंचं मागणं तसं मोठं नव्हतं. नवऱ्यानं आपल्याला एकदा नावानं हाक मारावी, एवढंच.

अरुणबाबूंना कुणी बोलावलं नव्हतं. चाळीस वर्षं एका छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासलेला हा काटकुळा माणूस, रेल्वेच्या छपाईच्या कामातून मनोहररावांच्या ओळखीचा झालेला. आजाराचं कळल्यावर तो बागबाजारहून दोन बस बदलून आला आणि मग रोजच येऊ लागला. तोंडात कायम लवंग, काखेत जाडजूड वह्या. या वह्या म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई होती. कोणतीही दोन-तीन अक्षरं सांगा, ती ज्यांच्या पोटात आहेत असे सगळे इंग्रजी शब्द अरुणबाबूंनी हातानं लिहून काढले होते. काही अक्षरांना पानंच्या पानं, काहींना जेमतेम एक ओळ.

"डिक्शनरी असताना हा खटाटोप कशाला, दादा?" कालिंदीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

अरुणबाबू त्यांना वहिनीच्या नात्यानं बौदी म्हणत. आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत ते म्हणाले, "बौदी, डिक्शनरी में शब्द पहला अक्षर से मिलता है। जो आदमी भूल गया, उसको पहला अक्षर ही तो याद नहीं आता। बीच का कुछ याद रहता है।"

चाळीस वर्षं विसरभोळ्यांसाठी वह्या भरणारा माणूस! कालिंदीबाईंनी त्या दिवशी त्यांना मनोमन नमस्कार केला.

त्यांची शिकवायची रीतही न्यारी होती. ठरलेली अक्षरं टेबलाच्या मधोमध मांडायची, दोन्ही बाजूंना जागा मोकळी सोडायची, बोटानं टेबलावर दोनदा टकटक करायचं आणि वाट पाहायची. एक शब्द सुचवायचा नाही की घाई करायची नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. शेजारणी म्हणाल्या, पालथ्या घड्यावर पाणी. दिवाळीच्या आदल्या दिवशी अरुणबाबूंनी ए, यू, जी, एच अशी चार अक्षरं मांडली, टकटक केली आणि बसून राहिले. वीस मिनिटांनी मनोहररावांनी त्यांच्या आधी एक सोंगटी ठेवली, नंतर तीन. ओठ हलले. "डॉटर," ते म्हणाले. पुण्याला फोन लागला तेव्हा मुग्धा, त्यांची मुलगी, पलीकडे नुसती रडत होती.

त्यानंतर शब्द येत गेले. सगळे इंग्रजी, सगळे सुटे. कालिंदीबाईंचं नाव त्यांत नव्हतं.

आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अरुणबाबू झोपेतच गेले.

बागबाजारच्या गल्लीत अंत्ययात्रेची काचेची गाडी उभी होती. निशिगंधाच्या हारांचा वास जड होऊन राहिला होता. गाडी हलली तशी कालिंदीबाईंनी हात जोडले, आणि चार महिने रोज संध्याकाळी दारात उभं राहून म्हणायच्या तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"या हं, दादा."

आपल्याकडे निघणाऱ्याला 'जा' कुणी म्हणत नाही. ती सवय हाडीमांसी खिळलेली; तिला मेलेलं आणि जिवंत काय कळणार? भोवतालच्या बंगाली माणसांना त्यातलं अक्षर उमगलं नाही. मनोहररावांनी मात्र वळून बायकोकडे पाहिलं, आणि ते बराच वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मनोहरराव आपले आपण टेबलाशी जाऊन बसले. कालिंदीबाई चहा टाकत होत्या. आधी लवंगेचा वास आला. घरातला लवंगांचा डबा बंद होता. मग बाहेरच्या खोलीतून आवाज आला... टक, टक.

त्या दाराशी आल्या. समोरची खुर्ची रिकामी होती, पण टेबलापासून वीतभर मागे ओढलेली होती. मधोमध तीन अक्षरं मांडलेली, दोन्ही बाजूंना जागा मोकळी. मनोहररावांची नजर सोंगट्यांवर नव्हतीच. ती रिकाम्या खुर्चीच्या वर, माणसाचा चेहरा असावा तिथे लागली होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "फ्रेंड."

कालिंदीबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी खरं सांगायचं तर भीतीच्या तळाशी कौतुकच होतं. मेल्यावरही शिकवणी न चुकवणारा माणूस! जित्याजागत्या मास्तरांनी शिकावं असं.

पण घाबरलेलं मन कुठे ऐकतं? तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा कपाटात कोंडला आणि चारच्या आधीच नवऱ्याला बाल्कनीत नेऊन बसवलं. समोर नदीवर धुकं उतरत होतं, एक जहाज लांबून भोंगा देत होतं. आतल्या खोलीत टकटक सुरू झाली. ती पाच वाजेपर्यंत थांबली नाही. मोठी झाली नाही, घाईची झाली नाही... अरुणबाबूंच्या सवयीप्रमाणे वाट पाहत राहिली. त्या रात्री मनोहरराव एक शब्द बोलले नाहीत. सकाळी मुग्धाचा फोन आला तेव्हा तिच्या फोटोवर बोट ठेवून कालिंदीबाईंनी नवऱ्याला विचारलं, "ही कोण?" त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. डॉटर गेला होता.

"आई, तुम्ही दोघं इकडे या. त्या घरात राहू नका," मुग्धा म्हणाली.

"सहा महिने पुरे होऊ देत," कालिंदीबाई म्हणाल्या. "मी इथेच थांबते."

त्यांनी डबा बाहेर काढला. अरुणबाबूंची खुर्ची पुसून जागेवर ठेवली, समोर त्यांचा बिनसाखरेचा चहा ठेवला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या. त्या दिवशी डॉटर परत आला.

मग त्यांना भीतीची सवय होत गेली. पण जानेवारी लागला आणि काहीतरी बदललं. मनोहरराव शिकवणीच्या वेळी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवू लागले, बाकावर कुणाला जागा करून द्यावी तशी. लवंगेच्या वासात दुसरे वास मिसळू लागले. ओल्या दोरखंडाचा, औषधांचा, एकदा तर लहान मुलाच्या पावडरचा. आणि अरुणबाबूंच्या नेमक्या टकटकीनंतर टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं आणखी एक टकटक यायची. अडखळती, चुकतमाकत... जणू कुणी ती आत्ताच शिकत होतं. सोंगट्या हलायच्या, चुकायच्या, परत लागायच्या. आपल्या शब्दाची वाट पाहत गप्प झालेली माणसं या शहरात किती असतील, आणि त्यांतली किती तशीच गेली असतील, हा विचार कालिंदीबाईंनी डोक्यात येऊ दिला नाही.

सहा महिने भरले त्या दिवशी लवकर अंधारून आलं होतं. त्यांनी दिवा लावला. चारची टकटक झाली. टेबलावर मधोमध दोन अक्षरं होती, एन आणि डी. मनोहरराव कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी एकही सोंगटी न उचलता मान वळवली आणि थेट उंबऱ्याकडे पाहिलं.

"कालिंदी," ते म्हणाले.

स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. कालिंदीबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. अरुणबाबूंच्या रिकाम्या खुर्चीला त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले, कपाळ जमिनीला टेकलं. सहा महिन्यांचं ओझं असं एका हाकेनं उतरलं.

"कालिंदी," मनोहरराव पुन्हा म्हणाले. आता ते दाराकडे पाहत होते. "खुर्च्या कमी पडताहेत."

त्या उठल्या. सहा महिन्यांनी हाक मारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी बाल्कनीतली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, मुग्धाच्या अभ्यासाचं जुनं मोडकं स्टूलसुद्धा आणलं आणि भिंतीशी ओळीनं मांडलं.

मनोहररावांनी उघड्या दारापासून जिन्यापर्यंत नजर फिरवली.

"आणखी," ते म्हणाले.