दिवेलागणीच्या आत

नैरोबीत सूर्य मावळायला साडेतीन तास होते आणि पश्चिमेला घानातलं अक्रा शहर विमानाने पावणेसहा तासांवर होतं. तरी बाबांचा निरोप होता, "दिवेलागणीच्या आत पोहोचशील, ये." केतकीने पुन्हा पुन्हा बोटं मोजली, पण हिशेब जुळेना. दिवे लागले की बाबांचं जहाज अक्राहून सुटणार, ते थेट ब्राझीलला. मग सहा महिने भेट नाही.

उन्हावर उडणारं इवलंसं विमान निघालं. व्हिक्टोरिया सरोवर चमकून मागे गेलं, मग नुसतं हिरवं जंगल आणि कापसासारखे ढग. शेजारी बाबांच्या ओळखीच्या एफुआ आजी होत्या. त्या घानाच्या शास्त्रज्ञ. कॉलेज पुण्यात झालेलं, त्यामुळे मराठी चोख.

साडेतीन तासांनी नैरोबीहून आईचा फोन आला. "खाल्लंस का गं काही? मी आत्ताच देवापाशी दिवा लावला."

दिवा लागला म्हणजे जहाज सुटलंच की! केतकीचे डोळे भरून आले.

"अगं, आधी खिडकीबाहेर बघ तरी," आजी म्हणाल्या.

सूर्य अजून चांगला दोन हात वर होता.

"आईकडे अंधार आणि इथे ऊन? सूर्य तर एकच आहे ना?"

"डब्यात काय आहे तुझ्या?"

"बेसनाचे लाडू. बाबासाठी."

"एक दे. खात नाही, घाबरू नकोस."

आजींनी डोक्यावरच्या दिव्याखाली लाडू धरला. "हा दिवा म्हणजे सूर्य. हा बेदाणा तुमचं नैरोबी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे वळत असते, त्याला परिवलन (स्वतःभोवती फिरणं) म्हणतात. आता मी लाडू फिरवते, तू बेदाण्यापासून पश्चिमेकडे बोट चालव."

लाडू फिरला. बेदाणा सावलीत गेला, पण केतकीचं बोट उजेडातच राहिलं.

"मग आपला सूर्य मावळणारच नाही?"

"मावळेल, पण सावकाश. विषुववृत्तापाशी (पृथ्वीच्या मधोमध कल्पिलेल्या रेषेपाशी) जमीन ताशी सोळाशे किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेकडे धावते. आपण तिच्या निम्म्या वेगानेही उलटे जात नाही. अक्राचं घड्याळ नैरोबीच्या तीन तास मागे आहे. आईकडे साडेसहा, तर बाबाकडे साडेतीनच."

"आणि पृथ्वीइतक्याच वेगाने उडालो तर?"

"तर सूर्य खिडकीतून हलणारच नाही."

"तसलं विमान मी करीन," केतकी म्हणाली आणि काचेला गाल टेकून बसली. ऊन मधासारखं पिवळं होत गेलं. एवढी लांब दुपार तिने आजवर पाहिली नव्हती, आणि ती संपूच नये असं तिला वाटत होतं.

विमान बंदराशेजारी पाण्यावर उतरलं, तेव्हा धक्क्यावर उभ्या बाबांची सावली लांबच लांब पडली होती.

"याला खळी कुणी पाडली?" लाडू हातात घेत बाबांनी विचारलं.

"ती पृथ्वी आहे. मी तिच्यावरून चालत आले."

बाबांनी अर्धी पृथ्वी खाल्ली, अर्धी तिला भरवली. जहाजाचा भोंगा वाजला. केतकीला रडू आलंच, पण तिने बाबांची बाही सोडली नाही.

"बाबा, तू पश्चिमेला चाललायस. रोज आईने दिवा लावला की मी तुला फोन करीन. तेव्हा तुझ्याकडे ऊन असेल, म्हणजे तू मला नीट दिसशील."