झाडू नावाचा प्रोग्राम

मला कुणी शिकवलं नाही. कागदाचा कारखाना बंद पडला तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा वेल्डर होतो. रोजगार कचेरीतली बाई म्हणाली होती, "तेन्हो, कम्प्युटर तुला नाही जमायचा." आज काजानी शहरापासून पार कुह्मो गावापर्यंत पदवीवाले जिथे हात टेकतात, ते मशिन माझ्याकडे येतं. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

इर्या तोलोनेनचं मशिन मार्चमध्ये आलं. म्हणजे मीच गेलो. कुह्मोच्या पुढे चाळीस किलोमीटर, तळ्याकाठी एकटं घर. इर्या एकोणऐंशीची, नवरा औलिस तीन वर्षांपूर्वी गेलेला. नगरपालिकेची परिचारिका मार्युत रोज सकाळी नऊला कम्प्युटरवर व्हिडिओ फोन करून तिची विचारपूस करायची: गोळ्या घेतल्या का, खाल्लं का. मशिन सुरू व्हायलाच चौदा मिनिटं लागत. दोन वेळा फोन चुकला होता. तिसऱ्यांदा चुकला की इर्याची रवानगी शहरातल्या वृद्धाश्रमात. तसं लेखी आलं होतं. माणसाला घरातून उपटायचं, तर निदान मशिन तरी धड द्या. पण नगरपालिकेला कोण विचारणार.

"एकोणीस सेकंदांत सुरू करून देतो," मी म्हणालो.

"कॉफी प्यायला तरी वेळ घे," इर्या म्हणाली.

स्टार्टअपची यादी उघडली. मशिन जागं होताना सोबत कोण कोण जागं होतं, ती यादी. दोन अँटिव्हायरस, एकमेकांच्या उरावर बसलेले. भंगारात गेलेल्या प्रिंटरचा पहारेकरी. नातवाचा गेम. एकेक बंद करत गेलो. चार जीबीची मेमरी काही न उघडता एक्क्याण्णव टक्के भरत होती. आणखी चार जीबीची पट्टी बसवली.

यादीत शेवटी एक नाव उरलं. लूता. म्हणजे झाडू.

बनवणाऱ्याचं नाव नाही, चित्र नाही. मेमरी शून्य, आणि तरी मशिन सुरू होण्यावरचा परिणाम 'जास्त'. मी हसलो. मेमरी झाडून देतो म्हणणारे असले प्रोग्राम मी शेकड्यांनी उपटलेत. सगळे भामटे.

"औलिसने सफाईचा प्रोग्राम लावला होता का गं?"

"औलिसने? सफाई?" इर्या चुलीपासून म्हणाली. "जन्मात कप विसळला नाही त्याने. शेवटच्या हिवाळ्यात मशिनवर काहीतरी लिहीत बसायचा खरा."

मी झाडू बंद केला. मशिन पुन्हा सुरू केलं. सतरा सेकंद.

घरी येताना गाडीत मोठ्याने गात होतो.

आठवड्याने तिला फोन केला. "कसं चाललंय?"

"फार वेगात," ती म्हणाली. "मी खुर्चीशी पोचते तेव्हा चालूच असतं."

"बटण रात्री बंद करत नसशील."

"वायरच काढून ठेवते, तेन्हो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मार्युत आधीच बोलत असते. मला स्वयंपाकघरातून तिचं हसू ऐकू येतं."

"कुणाशी बोलते?"

"मला वाटलं, माझ्याशीच." थोडं थांबून तिने विचारलं, "त्या सफाईच्या प्रोग्रामचं नाव काय होतं?"

"झाडू."



"शहरी माणसा," ती म्हणाली, "इथे कुणी कुलूप लावत नाही. बाहेर जाताना दाराला झाडू तिरपा टेकवतात. घरात कुणी नाही, आत येऊ नका, एवढाच त्याचा अर्थ."

त्याच दुपारी गेलो. मशिन चालू होतं. वायर टेबलावर गुंडाळून ठेवलेली, आणि या मशिनला बॅटरी नसते.

झाडूसमोर 'सुरू करा' दाबलं. यादी ताजी केली. बंद. पुन्हा दाबलं. बंद.

उघडे प्रोग्राम सगळे बंद केले आणि मेमरी मोजली. प्रत्येक प्रोग्रामचा वाटा कागदावर लिहिला. दीड जीबी कुणाच्याच नावावर नव्हतं. तीनदा बेरीज केली. माझी बेरीज चुकत नाही.

मी बघत असतानाच दीडचं एक पूर्णांक सहा झालं.

"राहू दे," इर्या माझ्या मागून हळूच म्हणाली. "फोन चुकत नाहीत आता."

"तू माझ्याबरोबर चल."

"इथून हलायचं नाही म्हणून तर तुला बोलावलं होतं."

मी निघालो. काम मात्र मी चोख केलं होतं, हे आजही सांगतो. माझ्या हातून इतकं वेगवान मशिन दुसरं झालं नाही.

एप्रिलमध्ये नगरपालिकेचा कागद आला. इर्याने तो मला फोनवर सावकाश वाचून दाखवला. वृद्धाश्रमाचा निर्णय रद्द. कारण: सदर महिला एकटी राहत नाही.

खाली मार्युतची रोजची नोंद जोडली होती.

दोघांनीही खाल्लं. दुसरी व्यक्ती बोलत नाही, पण रोज वेळेआधी हजर असते.